समासातली तारीख : सृष्ट्युत्पत्तीचा वाद आणि पंथनिवडीचा प्रश्न

१

पंथाचा स्वीकार करणारा मनुष्य त्या पंथाच्या सर्वच सिद्धांतांचा स्वीकार करतो काय, आणि एखादा सिद्धांत त्याच्या बुद्धीला पटेनासा झाला तर त्याने पंथ सोडावा, सिद्धांताचा अर्थ बदलून घ्यावा, की मौन पत्करावे, हा प्रश्न वरवर पाहता धर्मशास्त्राच्या कक्षेतला वाटतो. वस्तुतः तो वाचनाचा प्रश्न आहे. प्रमाण मानलेल्या संहितेचा अर्थ कोणी लावावयाचा आणि दोन अर्थांत विरोध आल्यास निर्णय कोणी द्यावयाचा, या दोन गोष्टी ठरल्याखेरीज त्याला उत्तर मिळत नाही. या दृष्टीने पाहता एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये भूशास्त्र आणि बायबलमधील ‘उत्पत्ती’ हे पुस्तक यांच्यात उभा राहिलेला पेच साहित्याच्या अभ्यासकालाही महत्त्वाचा वाटावयास हवा.

हा पेच सामान्यतः ‘विज्ञान विरुद्ध धर्म’ अशा सोप्या द्वंद्वात मांडला जातो. या मांडणीत ख्रिस्ती धर्म ही एकसंध वस्तू धरली जाते. प्रत्यक्षात त्या काळच्या ब्रिटिश ख्रिस्ती माणसापुढे अनेक दारे होती. राजसत्तेशी जोडलेले अँग्लिकन चर्च होते, रोमन कॅथलिक चर्च होते, स्कॉटलंडमधील प्रेस्बिटेरियन पंथ व त्यांच्यातील फाटाफूट होती, मेथडिस्ट होते, आणि कोणत्याही दीक्षित पाळकाविना एकत्र जमणारे ‘ब्रेदरन’ होते. सृष्टीच्या उत्पत्तीविषयी शंका असलेल्या माणसाला यांपैकी कोणत्या दारात उभे राहता येत होते? आणि आत शिरल्यावर पुढे काय होत होते? प्रस्तुत निबंधात तीन माणसांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : फिलिप हेन्री गॉस, ह्यू मिलर आणि सेंट जॉर्ज मायव्हार्ट. तिघेही निसर्गाचे जाणते अभ्यासक होते, तिघांनीही आपला पंथ स्वतः निवडला होता, आणि तिघांनाही त्या निवडीची किंमत निरनिराळ्या प्रकारे मोजावी लागली.

२

आरंभी संहितेविषयी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. पृथ्वी इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी निर्माण झाली असे विधान बायबलमध्ये कोठेही नाही. आयर्लंडमधील आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कालगणनेत ते वर्ष येते. बायबलमधील वंशावळ्यांतील वयांची बेरीज, राजांच्या कारकिर्दी आणि बायबलबाहेरील प्राचीन इतिहास यांचा मेळ घालून अशर यांनी ते काढले होते, आणि त्या काळच्या मापाने ते काम विद्वत्तेचे होते. पुढे १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या छापील प्रतींच्या समासात या तारखा येऊ लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाच्या समासात जे छापले जाते ते हळूहळू मूळ मजकुराइतकेच प्रमाण वाटू लागते. टीकेने मूळ संहितेची जागा घ्यावी, हा प्रकार आपल्याकडील ग्रंथपरंपरेलाही अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकातील सामान्य वाचकाला भूशास्त्रज्ञ देवाच्या वचनाला आव्हान देत आहेत असे वाटले, तेव्हा ते आव्हान पुष्कळदा समासातल्या तारखेला होते.

जाणकार वाचकांना हा भेद ठाऊक होता. स्कॉटिश धर्मोपदेशक थॉमस चाल्मर्स यांनी १८१४ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, ‘उत्पत्ती’च्या पहिल्या वाक्यातील निर्मिती आणि त्यानंतरचे सहा दिवस यांच्यामध्ये अमर्याद काळाचे अंतर मानण्यास संहितेची आडकाठी नाही. भूशास्त्राला हवी असलेली सारी युगे त्या अंतरात सामावून घेता येत होती. हेच चाल्मर्स १८४३ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पहिले मॉडरेटर झाले, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवी.

३

फिलिप हेन्री गॉस (१८१०–१८८८) हा सागरी जीवांचा थोर निरीक्षक. काचेच्या टाकीत समुद्रजीव जिवंत ठेवण्याचे तंत्र लोकप्रिय करण्यात त्याचा वाटा मोठा होता. ‘द ॲक्वेरियम’ हे त्याचे पुस्तक १८५४ चे, आणि रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्याला १८५६ मध्ये मिळाले. तारुण्यात न्यूफाउंडलंडमध्ये असताना तो मेथडिस्टांत सामील झाला होता; पुढे लंडनमध्ये हॅकनी येथील ब्रेदरनांच्या मंडळीत आला. या स्थलांतराचा सृष्ट्युत्पत्तीशी काहीही संबंध नव्हता. ख्रिस्ताच्या पुनरागमनाची त्याला लागलेली उत्कट ओढ आणि दर रविवारी एकत्र बसून भाकर मोडणाऱ्या, पुरोहित नसलेल्या मंडळीचा साधेपणा यांनी त्याला तिकडे नेले.

ब्रेदरनांना लिखित विश्वासांगीकार नव्हता, बिशप नव्हता, धर्मसभा नव्हती. होते ते केवळ बायबल. ज्या मंडळीला लिखित मतपत्रिकाच नाही तेथे मतभेदाला सर्वांत अधिक जागा असावी असे कोणालाही वाटेल. गॉसच्या बाबतीत नेमके उलट घडले. संहिता आणि वाचक यांच्यामध्ये कोणतीही संस्था नसल्यामुळे संहितेचा आणि खडकांचा मेळ घालण्याचा सारा भार एकट्या वाचकावर येऊन पडला. परंपरेने पूर्वी काय अर्थ लावला, सभेने कोणता अर्थ चालवून घेतला, असे विचारण्याची सोय तेथे नव्हती.

गॉसने हा भार ज्या पद्धतीने पेलला तिचे नाव ‘ऑम्फलॉस’, अर्थात नाभी. हे पुस्तक १८५७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. त्यातील युक्तिवाद असा : जीवसृष्टी चक्राकार आहे; गाय वासरापासून आणि वासरू गायीपासून. या चक्रात निर्मात्याने कोठेही प्रवेश केला तरी त्या बिंदूच्या मागचा भूतकाळ त्या वस्तूत दिसणारच. पहिल्या वृक्षाला वलये असणार आणि कोणत्याही मातेच्या पोटी न जन्मलेल्या आदामलाही नाभी असणार. मग पृथ्वी तरी आपल्या न घडलेल्या भूतकाळाच्या खुणांवाचून, म्हणजे जीवाश्मांवाचून, कशी अस्तित्वात येईल? हा युक्तिवाद खोडून काढता येत नाही, आणि तेच त्याचे वैगुण्य आहे. कारण जग काल सकाळी निर्माण झाले असे म्हणणाऱ्यालाही तो तितकाच उपयोगी पडतो. बोर्हेससारख्या लेखकाला १९४१ मध्ये या पुस्तकावर निबंध लिहावासा वाटला तो या तार्किक पूर्णतेमुळेच.

समकालीनांना मात्र त्यात तर्काची डौलदार रचना दिसली नाही. देवाने भूशास्त्रज्ञांना फसविण्यासाठी खडकांत जीवाश्म लपविले, असा त्याचा सारांश सर्वत्र फिरला. गॉसने असे कोठेही म्हटले नव्हते. त्याचा दावा फसवणुकीचा नसून अनिवार्यतेचा होता. परंतु परिणामाच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक राहत नाही, हे त्याचा स्नेही चार्ल्स किंग्जली याने ओळखले. किंग्जली हा अँग्लिकन धर्मोपदेशक. देवाने खडकांवर असत्य लिहून ठेवले आहे असे मानणे त्याला अशक्य वाटले आणि त्याने तसे गॉसला कळविले. येथे दोन श्रद्धावंत समोरासमोर उभे आहेत. एकाला वचनाच्या सत्यतेची चिंता आहे, दुसऱ्याला निर्मात्याच्या प्रामाणिकपणाची. गॉसला अविश्वासी ठरविणे जसे अशक्य, तसेच किंग्जलीलाही.

या प्रसंगाचे आपल्या मनातील चित्र मुख्यतः गॉसच्या मुलाने रंगविलेले आहे. एडमंड गॉस याचे ‘फादर अँड सन’ १९०७ मध्ये लेखकाच्या नावावाचून प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी आत्मचरित्राच्या इतिहासात त्याला अढळ स्थान मिळाले. त्यातील पिता हा ‘ऑम्फलॉस’च्या अपयशाने खचलेला, विज्ञानाला पाठमोरा झालेला वृद्ध आहे. हे चित्र कलात्मक दृष्ट्या समर्थ असले तरी पुरावा म्हणून ते जपूनच वापरावे लागते. ॲन थ्वेट यांच्या २००२ मधील गॉसचरित्राने त्यातील अनेक अतिरेक दाखवून दिले आहेत. गॉसने पुढेही निसर्गावर लिहिले. ‘अ इयर ॲट द शोअर’ हे त्याचे पुस्तक १८६५ चे आहे, आणि डार्विनशी त्याचा पत्रव्यवहारही ‘ऑम्फलॉस’नंतर चालू राहिला. त्याच्या पत्नीचे, एमिलीचे, कर्करोगाने निधन झाले तेही १८५७ मध्येच, ‘ऑम्फलॉस’च्या काही महिने आधी. त्या वर्षाच्या विषण्णतेचे सारे श्रेय भूशास्त्राला देणे म्हणजे शोकाला सिद्धांताच्या खाती मांडणे होय. विज्ञानाने धर्माला जिंकल्याची जी कथा विसाव्या शतकाने प्रमाण मानली, तिच्या घडणीत या एका साहित्यकृतीचा वाटा किती, याचा विचार समीक्षेने अद्याप पुरेसा केलेला नाही.

४

त्याच १८५७ साली आणखी एक पुस्तक प्रसिद्ध झाले : ह्यू मिलर याचे ‘द टेस्टिमनी ऑफ द रॉक्स’. लेखक ते पाहावयास जिवंत नव्हता. २४ डिसेंबर १८५६ च्या पहाटेपूर्वी केव्हातरी, मनोविकाराच्या झटक्यात, त्याने पोर्टोबेलो येथील आपल्या घरी स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. हा मृत्यूही धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा बळी म्हणून सांगितला गेला. तसे मानण्यास त्याच्या लेखनात आधार मिळत नाही. उलट त्याचा तोल या एका बाबतीत कधीच ढळलेला दिसत नाही.

मिलर (जन्म १८०२) हा क्रॉमर्टीचा पाथरवट. छिन्नी चालवतानाच त्याला लाल वालुकाश्मातील माशांचे जीवाश्म भेटले, आणि १८४१ मध्ये ‘द ओल्ड रेड सँडस्टोन’ हे त्याचे पुस्तक आले. त्याचा पंथही निवडीतून घडला. स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमध्ये जमीनदारांनी मंडळीच्या इच्छेविरुद्ध पाळक नेमावा की नाही, यावर वाद पेटला होता. मिलरने १८३९ मध्ये या प्रश्नावर लॉर्ड ब्रूम यांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले, आणि त्या पत्रामुळे त्याला एडिंबरोला ‘द विटनेस’ या नियतकालिकाच्या संपादकपदी बोलावण्यात आले. १८ मे १८४३ रोजी चर्च फुटले. साडेचारशेंहून अधिक पाळकांनी वेतन आणि घरे सोडून फ्री चर्चची स्थापना केली. सृष्टी किती जुनी हा प्रश्न या फुटीत कोणीही उपस्थित केला नव्हता. मंडळीचा पाळक कोण निवडणार एवढाच प्रश्न होता.

फ्री चर्चने वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार तसाच पुढे चालविला. सतराव्या शतकातील या दस्तऐवजात देवाने सृष्टी सहा दिवसांच्या अवधीत निर्माण केली असे स्पष्ट म्हटले आहे. कागदावर पाहता भूशास्त्रज्ञाला इतके अडचणीचे दुसरे चर्च शोधूनही सापडले नसते. प्रत्यक्षात त्याचा अग्रणी चाल्मर्स अमर्याद काळ मानीत होता आणि त्याचा सर्वांत प्रभावी पत्रकार लक्षावधी वर्षांच्या इतिहासाची वर्णने छापीत होता. मिलर आरंभी चाल्मर्सच्याच मताचा होता. परंतु अलीकडच्या थरांतील शिंपल्यांचा अभ्यास करताना त्याला असे आढळले की, त्यांतील काही जाती आजही जिवंत आहेत. म्हणजे प्राचीन युगे आणि मानवाचे युग यांच्यामध्ये सर्वनाशाची दरी नाही. दरी नाही म्हटल्यावर चाल्मर्सचे अंतर टिकत नाही. तेव्हा मिलरने सहा दिवस म्हणजे सहा दीर्घ युगे, आणि मोशेला ती दृश्यांच्या मालिकेसारखी दिसली, असा अर्थ स्वीकारला. पुराव्याने एक अर्थ खोटा ठरताच संहिता न सोडता दुसऱ्या अर्थाकडे जाणे त्याला शक्य झाले, कारण त्याच्या पंथात अर्थ लावण्याची एक सामुदायिक सवय होती. विश्वासांगीकार शब्दशः कडक होता. पण तो वाचणारी सभा जिवंत होती.

या मोकळिकीला सीमाही होत्या. जीवजाती एकमेकींपासून उत्क्रांत झाल्या हे मिलरला मान्य नव्हते. १८४९ चे त्याचे ‘फुटप्रिंट्स ऑफ द क्रिएटर’ त्याच मताच्या खंडनार्थ आहे. आणि ज्या चर्चने खडकांचे वय सहज पचविले, त्यानेच १८८१ मध्ये विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांना ॲबर्डीनच्या अध्यापकपदावरून दूर केले. त्यांचा अपराध बायबलमधील ग्रंथांच्या कर्तृत्वाची ऐतिहासिक चिकित्सा करण्याचा होता. खडकांनी संहितेचा अर्थ बदलला तर चालत होते, पण संहितेची जन्मकथाच बदलणे चालत नव्हते.

या चर्चची एक शाखा आपल्या अगदी जवळ येऊन पोहोचली होती. १८४५ मध्ये नागपुरास आलेला स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) हा फ्री चर्चचाच मिशनरी. धर्मोपदेश आणि शाळा सांभाळून त्याने नागपूरच्या परिसरातील खडक आणि जीवाश्म गोळा केले आणि आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या पत्रिकेत १८५५ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये सापडणारे गोड्या पाण्यातील शंखशिंपले त्याने अभ्यासले. लाव्ह्याचा एक थर निवावा, त्यावर तळी साचावीत, त्यांत जीव वाढावेत, आणि मग दुसरा थर यावा, या साऱ्याला सहा दिवस पुरत नाहीत, हे त्याला सांगण्याची गरज नव्हती. नागपूरजवळील बोरी येथे पुरात बुडून त्याचा अंत झाला. त्या दिवशी तो प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत होता. गॉसच्या मंडळीतील माणसाला जे ओझे झाले तेच हिस्लॉपने सहज वाहिले, याचे कारण केवळ स्वभावात शोधून चालणार नाही.

५

तिसरे उदाहरण अधिक करुण आहे. सेंट जॉर्ज मायव्हार्ट (१८२७–१९००) याने १८४४ मध्ये, वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, कॅथलिक पंथाचा स्वीकार केला. गॉथिक वास्तुशैलीचे आकर्षण हे त्यामागील एक कारण होते. या निवडीने ऑक्सफर्डचे दार त्याला बंद झाले. पुढे तो शरीररचनाशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आला. १८७१ च्या ‘ऑन द जेनेसिस ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात त्याने उत्क्रांती मान्य केली. मात्र नैसर्गिक निवड हे तिचे पुरेसे कारण नव्हे आणि मानवी आत्मा ही देवाची साक्षात निर्मिती होय, असे म्हटले. ऑगस्टिनसारख्या आचार्यांच्या विचारात अशा अर्थाला जागा आहे, असा त्याचा दावा होता.

त्याला उत्तर दिले टॉमस हक्सलीने, आणि ते धर्मशास्त्राच्या पोथ्या उघडून. स्पॅनिश जेझुइट पंडित सुआरेझ याची लॅटिन संहिता वाचून हक्सलीने असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, मायव्हार्टचे मत त्याच्याच चर्चच्या प्रमाणग्रंथांना धरून नाही. अश्रद्ध माणसाने श्रद्धावंताला त्याचे शास्त्र शिकवावे, हा प्रसंग विनोदी खरा. पण त्यामागील हेतू गंभीर होता : मधल्या जागेत कोणी उभे राहूच नये असे हक्सलीला वाटत होते. रोमने मात्र मधली जागा नाकारली नाही. १८७६ मध्ये पोप नववे पायस यांनी मायव्हार्टला तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट दिली.

फूट पडली ती दुसऱ्याच ठिकाणी. १८९२–९३ मध्ये नरकातील यातनांविषयी त्याने लिहिलेले लेख निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत गेले. १९०० च्या जानेवारीत, धर्मग्रंथांचा अर्थ लावण्याच्या अधिकाराबाबत त्याने आणखी स्पष्ट लिहिल्यावर, कार्डिनल व्हॉन यांनी त्याच्यापुढे एक श्रद्धापत्र सहीसाठी ठेवले. त्याने नकार दिला. संस्कारांपासून वंचित अवस्थेत १ एप्रिल १९०० रोजी तो मरण पावला आणि पवित्र भूमीत त्याला जागा मिळाली नाही. पुढे १९०४ मध्ये, अखेरच्या काळातील आजारपणाचे कारण ग्राह्य धरले जाऊन, त्याचे अवशेष कॅथलिक दफनभूमीत हलविण्यात आले. ज्या चर्चने उत्क्रांतीसाठी त्याचा सन्मान केला त्यानेच अधिकाराच्या प्रश्नावर त्याला बाहेर काढले. सृष्ट्युत्पत्तीविषयी त्याचे मत होते तेच राहिले.

अँग्लिकन चर्चमध्ये निर्णयाची रीत आणखी वेगळी होती. १८६० च्या ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ या संग्रहात चार्ल्स गुडविन याने ‘उत्पत्ती’ला भूशास्त्राशी जुळविण्याचे सारे प्रयत्नच व्यर्थ ठरविले. सात लेखकांपैकी दोघांवर खटले झाले, ते प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८६४ मध्ये दोघेही सुटले. त्याच संग्रहातील एक लेखक, फ्रेडरिक टेंपल, १८९६ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला. येथे मतस्वातंत्र्य मिळाले ते न्यायालयाकडून. मिळालेले स्वातंत्र्य मोठे होते, पण त्यामुळे चर्चला स्वतःचे असे मत तरी आहे काय, ही शंका अनेकांच्या मनात कायमची घर करून राहिली.

६

या उदाहरणांतून एक विसंगती नजरेत भरते. कागदावरील सिद्धांताचा कडकपणा आणि प्रत्यक्षातील मोकळीक यांचे प्रमाण जुळत नाही. लिखित मतपत्रिका नसलेल्या मंडळीत गॉस सर्वांत एकाकी पडला. सहा दिवस असे शब्दशः लिहिलेल्या चर्चमध्ये मिलर सर्वांत मोकळा राहिला. आणि मायव्हार्टला त्याच्या चर्चने सृष्टीच्या प्रश्नावर नव्हे, आज्ञापालनाच्या प्रश्नावर गाठले.

सृष्ट्युत्पत्तीविषयीचे मत हीच पंथाची ओळख ठरावी, ही प्रवृत्ती प्राचीन नाही. तिला आजचे रूप मुख्यतः विसाव्या शतकातील अमेरिकेत आले. जॉर्ज मॅक्रीडी प्राइस या ॲडव्हेंटिस्ट लेखकाचे ‘द न्यू जिऑलॉजी’ १९२३ चे, आणि त्याच्या विचारांना सर्व पंथांत पसरविणारे व्हिटकम व मॉरिस यांचे ‘द जेनेसिस फ्लड’ १९६१ चे. पुढे २०१५ मध्ये ॲडव्हेंटिस्ट चर्चने आपल्या श्रद्धाविधानात सृष्टी अलीकडची असल्याचा शब्द मुद्दाम घातला. अशरची समासातली तारीख अशा रीतीने, आकडा गाळून का होईना, मूळ मजकुरात येऊन बसली. उलट बाजूला पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीची चर्चा करण्यास मुभा दिली, आणि १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत हा केवळ एक तर्क राहिलेला नाही असे मान्य केले.

मतभेद मनात ठेवून पंथाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने मग काय पाहावे? तिघांपैकी कोणीही सृष्टीविषयीच्या मतासाठी आपला पंथ निवडला नव्हता. पुनरागमनाची आशा, पाळक निवडण्याचा मंडळीचा हक्क, उपासनेचे सौंदर्य, अशा कारणांनी ते त्या दारातून आत गेले, आणि ती कारणे लहान नव्हती. ज्यासाठी माणूस आत जातो त्याचे मोल, ज्याविषयी त्याचा मतभेद आहे त्याहून पुष्कळदा मोठे असते, हे मान्य करावयास हवे. पण त्याचबरोबर हेही विचारावयास हवे की, येथे संहितेचा अर्थ कोणाच्या सोबतीने लावला जातो, आणि वादात हरलेल्या माणसाला येथे भाकर मिळते की नाही. अमेरिकेतील दक्षिणेकडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जेम्स वुड्रो यांनी १८८४ मध्ये उत्क्रांतीला अनुकूल भाषण केले. त्यांचे धर्मविद्यालयातील प्राध्यापकपद गेले, धर्मोपदेशकपद मात्र राहिले, आणि ते त्याच चर्चमध्ये शेवटपर्यंत राहिले. हरूनही राहता येते, असा या उदाहरणाचा अर्थ आहे. गॉसला हरविणारी सभाच नव्हती, म्हणून त्याच्यासाठी समेटही नव्हता. मायव्हार्टला समेट मिळाला तो मृत्यूनंतर चार वर्षांनी, आणि तोही त्याच्या मताला नव्हे, त्याच्या आजाराला.